नारळीकर सरांचे सर कोण? शास्त्रज्ञाची गुरुवंशावळ कशी काढायची

आमच्या गावाकडं सुगी संपली की हेळवी यायचे. बैलावर वह्या लादलेल्या, आणि सोप्यात बसून घराण्याची नावं वाचायचे, आजा, पणजा, खापरपणजा, कोण कुठल्या गावातनं आला, कोण दत्तक गेला, कुणाची शाखा कुठं खुंटली, सगळं. शास्त्रज्ञांच्या घराण्याची अशी वही घेऊन सांगलीत कोण येणार, ते काम आपलं आपणच करायचं.

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. दोन वर्षांपूर्वी विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाची तयारी चालली होती आणि अकरावीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, नारळीकर सरांचे सर कोण होते?" मी म्हटलं, इंग्लंडमधले खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल. "आणि त्यांचे?" म्हटलं, केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ डिरॅक. लगेच तिनं कार्डशीटवर तिघांची नावं लिहून एकाखाली एक बाण काढले आणि मीपण खूश झालो. प्रदर्शनाच्या दिवशी एक रिटायर्ड प्राध्यापक आले, चष्मा वर करून तो तक्ता नीट वाचला आणि शांतपणे विचारलं, "हॉयलची पीएचडी कुठल्या सालची हो?" मला काय सांगता येईना, कारण हॉयलनी पीएचडी घेतलेलीच नाही. तर तुमची अशी फजिती होऊ नये म्हणून हे सगळं लिहितोय.

पहिलं काम म्हणजे मोबाइल बाजूला ठेवायचा आणि "गुरू" कुणाला म्हणायचं ते ठरवायचं. मिरजेत गाणं शिकणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही, अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव ते, गंडाबंध शागीर्द, म्हणजे गुरूनं रीतसर गंडा बांधून शिष्य केलेला, कोण आणि नुसतं ऐकून ऐकून तयार झालेला कोण हे तिथं बरोबर कळतं. आपल्यालाही तेच करायचंय, फक्त रेघांनी. मी तीन प्रकारच्या रेघा वापरतो. पीएचडीचा गाईड असेल तर सरळ रेघ. गाईड म्हणून कागदावर नाव नाही पण संशोधन ज्याच्या हाताखाली शिकले तो असेल तर तुटक रेघ. आणि वर्गात शिकवलं, परीक्षेची तयारी करून घेतली एवढंच असेल तर नुसते ठिपके.

हे कशाला लागतं ते एका उदाहरणात बघा. गणितज्ञ प्र. चु. वैद्य १९४२ मध्ये बनारसला गेले ते नारळीकर सरांच्या वडिलांकडं, म्हणजे वि. वा. नारळीकरांकडं सापेक्षता शिकायला. ज्याला आज जगभर वैद्य मेट्रिक म्हणतात, म्हणजे तारा प्रकाश बाहेर फेकत असेल तर त्याच्याभोवतीचं गुरुत्वाकर्षण कसं असेल त्याचं गणित, ते त्याच काळातलं, १९४३ चं. पीएचडी मात्र त्यांनी नंतर मुंबई विद्यापीठाची घेतली. नुसत्या डिग्रीच्या कागदावरून वंशावळ काढली तर बनारस त्यातनं गायबच होईल की.

दुसरं काम, कायम खालून वर जायचं. लोक न्यूटनपासून खाली यायला बघतात आणि मग कुठंतरी ओढूनताणून आपल्या माणसाशी जोडतात, तसं नको. ज्याची वंशावळ काढायची त्याचा थिसिस आधी गाठायचा. भारतातला असेल तर शोधगंगा उघडा, गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ते चालवतं. तिथं प्रत्येक थिसिसच्या पानावर संशोधकाचं नाव, गाईडचं नाव, विद्यापीठ, साल असं वेगवेगळं दिलेलं असतं आणि खाली पीडीएफचे तुकडे असतात. लोक थेट चॅप्टर उघडतात, आपल्याला चॅप्टरशी काय देणंघेणं नाही, आपल्याला सर्टिफिकेटचं पान पाहिजे आणि त्यानंतरचं आभाराचं. सर्टिफिकेटवर कायदेशीर बाप कळतो आणि आभारात खरं घर कळतं, कोणाच्या लॅबमध्ये बसत होते, रात्री कोण मदतीला यायचं, गाईड परदेशात असताना कोणी सांभाळलं. आडनावाचा घोळ मात्र आपल्या भागात जबर आहे. नुसतं पाटील टाकून शोधलंत तर संध्याकाळपर्यंत यादीच वाचत बसाल, त्यामुळं पूर्ण नाव, विषय आणि साल तिन्ही जुळल्याशिवाय पुढं जायचं नाही. आणि इंग्रजी स्पेलिंग दोनतीन तऱ्हेनं टाकून बघा, जाधवचा शेवट कोण व्हीनं करतं, कोण डब्ल्यूनं.

जुने थिसिस शोधगंगेवर सापडतीलच असं नाही. मग विद्यापीठाच्या लायब्ररीत जायचं, आणि कुठल्या विद्यापीठाच्या ते सालावर ठरतं. सांगली-साताऱ्याकडची कॉलेजं १९६२ पासून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली आली, त्याआधी १९४९ पासून पुणे विद्यापीठ आणि त्याच्याही आधी मुंबई. म्हणजे विलिंग्डन कॉलेज १९१९ चं असलं तरी तिथल्या जुन्या मास्तरांचे कागद सांगलीत सापडतील असं धरून चालू नका.

मी माझ्या स्वतःच्या कॉलेजच्या सरांची वंशावळ काढायला एसटीनं कोल्हापूरला गेलो होतो, खर्डेकर ग्रंथालयात. काळ्या बाइंडिंगचा जाडजूड थिसिस हातात आला, पाठीवरची सोनेरी अक्षरं अर्धी उडालेली. आत टाइपरायटरवर टाइप केलेली पानं आणि मध्येमध्ये जागा सोडून सिग्मा, लॅम्डा, इंटिग्रलची चिन्हं शाईनं हातानं भरलेली, आणि ते अक्षर मी ओळखलं, फळ्यावरचंच अक्षर ते. आभाराच्या पानावर गाईड, मग हेड, मग काच फुंकून नळ्या बनवून देणारा लॅबचा माणूस, शेवटी टायपिस्ट. गाईडच्या नावाखाली एक वाक्य होतं की हा विषय मुळात अमुक सरांनी सुचवला. ते अमुक सर कुठंच ऑफिशियल नाहीत. ही तुटक रेघ कुठल्याच वेबसाइटवर मिळाली नसती. लायब्ररीत फोटो काढू देतात का ते आधी विचारून घ्या, नाहीतर वही-पेन्सिल न्या.

तिसरं, परदेशातली नावं लागली की डेटाबेस कामाला येतात. सगळ्यात मोठा मॅथेमॅटिक्स जीनिऑलॉजी प्रोजेक्ट, अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा स्टेट युनिव्हर्सिटीचा. नावात गणित असलं तरी फिजिक्सवाले ढिगानं आहेत, एकेका नावाखाली गाईड आणि विद्यार्थी दोन्ही येतात, क्लिक करत वर वर जायचं. खगोलशास्त्रज्ञांसाठी अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचं ॲस्ट्रोजेन आहे. विकिडेटावर पण गाईडचा वेगळा रकाना असतो. हे सगळं चांगलंच आहे पण ही माहिती बरीचशी लोकांनी पाठवलेली असते, तेव्हा डेटाबेसला मी सुगावा म्हणतो, पुरावा म्हणत नाही. पुरावा म्हणजे थिसिस, नाहीतर मोठा शास्त्रज्ञ गेल्यावर रॉयल सोसायटी किंवा आपली इंडियन नॅशनल सायन्स अकॅडमी जो सविस्तर चरित्रलेख छापते तो. दोन ठिकाणी जुळलं तरच शाईनं लिहायचं, तोवर पेन्सिल.

आता त्या तक्त्याकडं परत येऊ, कारण सगळी गंमत तिथं आहे. नारळीकर सरांची केंब्रिजची पीएचडी १९६३ ची, गाईड हॉयल, इथं सरळ रेघ आणि काही वाद नाही. हॉयलपाशी रस्ता तीन ठिकाणी फुटतो. ते संशोधनाला लागले तेव्हा त्यांचे सुपरवायझर रुडॉल्फ पायर्ल्स होते, पायर्ल्स १९३७ मध्ये बर्मिंगहॅमला गेले, मग मॉरिस प्राइस आले, तेही केंब्रिज सोडून गेले, मग डिरॅक. डिरॅकना विद्यार्थी नको होता आणि हॉयलना सुपरवायझर नको होता, म्हणून दोघांचं जमलं असा किस्सा सांगतात. म्हणजे हॉयलच्या डोक्यावर तीन रेघा आणि तिन्ही तुटक. आम्ही एकच काढली होती आणि तीपण सरळ!

डिरॅककडनं वर गेलात तर राल्फ फाउलर, डिरॅकची पीएचडी १९२६ ची. हेच फाउलर चंद्रशेखर आणि होमी भाभांचेही गाईड, त्यामुळं एका पानावर किती आपली माणसं येतात बघा. पण फाउलरच्या वर जायला लागलं की डेटाबेस ए. व्ही. हिल हे नाव देतो आणि माणूस गोंधळतो, कारण हिल म्हणजे स्नायूंवर काम करणारे, १९२२ चं वैद्यकातलं नोबेल मिळालेले. भानगड अशी की फाउलर पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला जखमी झाले आणि नंतर हिलसोबत विमानविरोधी तोफांच्या गणितावर बसले, संशोधनाचं वळण तिथं लागलं. माझ्या वहीत ही तुटक रेघ आहे.

पायर्ल्सची फांदी मात्र नीट कागदोपत्री आहे. पायर्ल्स लाइपझिगला हायझेनबर्गकडं १९२९, हायझेनबर्ग म्युनिकला सोमरफेल्डकडं १९२३, सोमरफेल्ड लिंडेमानकडं १८९१, हे लिंडेमान म्हणजे पाय हा ट्रान्सेन्डेन्टल आकडा आहे, म्हणजे पूर्णांक सहगुणकांच्या कुठल्याच बहुपदी समीकरणाचं ते उत्तर नाही, हे सिद्ध करणारे. लिंडेमान फेलिक्स क्लाइनकडं १८७३, क्लाइन प्लुकरकडं १८६८, प्लुकरचे गेर्लिंग आणि गेर्लिंगचे थोर गणितज्ञ गाउस. मोजा, नारळीकर सरांपासून वर नवव्या पिढीला गाउस. त्या मुलीनं हे ऐकल्यावर जे तोंड केलं ना!

चौथं काम सालं तपासायचं, आणि याच फांदीवर ते करून दाखवतो. प्रत्येक जोडीला दोन प्रश्न विचारायचे, डिग्रीच्या वेळी गाईड जिवंत होता का आणि त्याचं वय किती होतं. क्लाइनची डॉक्टरेट डिसेंबर १८६८ ची आणि प्लुकर वारले त्याच वर्षी मे महिन्यात. मग हे चुकीचं का? नाही, काम प्लुकरच्या हाताखालचंच, क्लाइन त्यांचे असिस्टंट होते, शेवट लिपशिट्झनी पार पाडला, म्हणून तिथं दोन नावं लिहायची. लिंडेमानच्या वेळी क्लाइन फक्त २४ वर्षांचे, विद्यार्थी २१ चा, हेपण चूक वाटतं पण खरं आहे. साल खटकलं म्हणजे खोडायचंच असं नाही, पण तिथं थांबून बघायचं नक्की. आणखी एक, परीक्षक म्हणजे गाईड नव्हे. हायझेनबर्गच्या तोंडी परीक्षेत विल्हेल्म वीननी त्यांना प्रयोगाच्या प्रश्नांवर पार अडवलं होतं, नापास व्हायची वेळ आली, म्हणून काय वीनना गुरू म्हणून जोडाल?

केंब्रिजच्या जुन्या लोकांकडं वळलात तर वेगळाच प्रकार लागतो. तिथं पीएचडी ही डिग्रीच पहिल्या महायुद्धानंतर आली. त्याआधी मान होता तो ट्रायपॉसचा, म्हणजे तिथल्या पदवीच्या गणिताच्या परीक्षेचा, आणि पहिल्या वर्गात आला तो रँग्लर. हा शब्द आपल्याला नवा नाही, रँग्लर परांजपे, रँग्लर महाजनी आपल्याकडं नावालाच चिकटलेत. या परीक्षेची तयारी करून घेणारे खासगी कोच असायचे, त्यातले एडवर्ड राउथ सगळ्यात नावाजलेले. जगदीशचंद्र बोस केंब्रिजला लॉर्ड रेलींकडं शिकले, रेलींचे कोच राउथ, राउथचे हॉपकिन्स, त्यांच्यावर सेजविक, जे भूगर्भशास्त्रज्ञ, आणि मग केंब्रिजच्याच शिक्षकांची माळ लागते ती रॉबर्ट स्मिथ, रॉजर कोट्स करत न्यूटनपर्यंत जाते. बोस ते न्यूटन अकरा पिढ्या. वाचायला भारी वाटतं पण ही माळ बहुतेक ठिपक्यांची. कोट्सनी न्यूटनच्या प्रिन्सिपियाची १७१३ ची दुसरी आवृत्ती संपादित केली, तो संबंध खरा आणि घट्ट आहे, पण न्यूटनच्या वर बॅरो, बॅरोच्या वर व्हिव्हियानी आणि मग गॅलिलिओ असं जे दाखवतात ते मला पटत नाही. बॅरो प्रवासात फ्लॉरेन्सला गेले आणि तिथं व्हिव्हियानींना भेटले, एवढ्यावर गुरू-शिष्य जोडायचं तर ऑडिओ क्लिप ऐकणाराही गंडाबंध होईल.

आणि काही फांद्या सरळ खुंटतात. ज्यांच्या शोधामुळं २८ फेब्रुवारीला आपण विज्ञान दिन करतो त्या रामननाच गाईड नाही. १९०७ ला मद्रासहून एम.ए., मग वित्त खात्यातली नोकरी, आणि ऑफिस सुटल्यावर कलकत्त्याला इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेच्या लॅबमध्ये प्रयोग. त्यांच्या वर काहीतरी पाहिजेच म्हणून कुणालाही बसवू नका, तिथं कोरं सोडा. खाली मात्र जागा भरपूर ठेवा, कृष्णन, रामनाथन, पंचरत्नम, जी. एन. रामचंद्रन, आणि बंगलोरला त्यांच्याकडं काम केलेले विक्रम साराभाई.

तक्ता काढायचा झाला तर कार्डशीट आडवी धरा, आणि आपला माणूस तळाला मध्यावर. प्रत्येक रेघेवर तीन गोष्टी बारीक अक्षरात, साल, गाव आणि पुरावा कुठं बघितला. पुराव्याची नोंद त्याच दिवशी करा, नंतर करू म्हटलं की राहतंच. बाजूच्या फांद्या थोड्या तरी दाखवा, त्याशिवाय मजा नाही. डिरॅकचे आणखी एक विद्यार्थी डेनिस शामा, शामांचे स्टीफन हॉकिंग, म्हणजे नारळीकर आणि हॉकिंग चुलत गुरुबंधू निघाले, आणि नारळीकर सरांच्या खाली अजित केंभावी, पद्मनाभन. हयात माणसाबद्दल शंका असेल तर सरळ दोन ओळींची ईमेल करा, आपण कोण, कशासाठी विचारतोय आणि एकच प्रश्न. मी चौघांना केली, तिघांची उत्तरं आली, एकांनी तर रविवारी सकाळी फोन करून पाऊण तास गाईडच्या आठवणी सांगितल्या.

आमचा नवा तक्ता आता फिजिक्स लॅबच्या दाराशेजारी लागलाय. माझ्या सरांची शाखा अजून पेन्सिलीतच आहे, त्यांच्या गाईडचा थिसिस १९६२ च्या आधीचा निघाला, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत पुणे गाठावं लागणार.