स्वस्तातला प्रोजेक्टर घरात बसवायचाय? आधी ड्रिल बाजूला ठेवा

प्रोजेक्टर घरी आला की लगेच माउंट मागवू नका. आधी टेबलावर ठेवून चार-पाच रात्री आरामात मॅच बघा, पिक्चर बघा, तेवढ्यात कळतं तुमच्या हॉलात तो नक्की कुठे बसणार आणि किती मोठा पडदा झेपणार. बॉक्सवर ९००० लुमेन छापलेलं असतं त्याला भुलायचं नाही, आन्सी लुमेन (म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेला खरा उजेड) किती ते शोधायचं, स्वस्तातल्यात तो आकडा बहुतेक दोन-चारशेच्या घरात असतो, म्हणजे दुपारी बाल्कांवाचं (घरापुढच्या ओसरीचं) दार उघडं ठेवून क्रिकेट बघू म्हणाल तर काही दिसणार नाही. जाड पडदे लावा किंवा काळोख पडेपर्यंत थांबा. आणि ‘फोर-के सपोर्ट’ म्हणजे फोर-के नव्हे, नेटिव्ह रिझोल्युशन, म्हणजे मशीनचे स्वतःचे खरे पिक्सेल, १९२० बाय १०८० आहे का एवढंच बघा.

आता हिशोब. १०० इंची पडदा म्हणजे १६:९ मध्ये रुंदी साधारण २२१ सेंमी आणि उंची १२५. मॅन्युअलात थ्रो रेशो दिलेला असतो, त्याला रुंदीने गुणलं की लेन्सपासून भिंतीपर्यंतचं अंतर मिळतं. १.२ असेल तर २६५ सेंमी, १.३५ असेल तर जवळजवळ ३ मीटर. त्यात मशीनची लांबी आणि मागे वायरीला जागा धरून आणखी ३०-४० सेंमी सोडा. पणजी-मडगावच्या फ्लॅटांतल्या छोट्या हॉलात मग ८० इंचच बसतो, १.३५ ला त्याला २४० सेंमी पुरतात. ८० इंच पण कमी नाही हो.

यापुढची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही आणि सगळा घोळ तिथेच होतो. प्रोजेक्टर टेबलावर एकदम सपाट ठेवा, ऑटो कीस्टोन (वाकडं चित्र आपोआप सरळ करणारी सेटिंग) बंद करा आणि बघा चित्र कुठे पडतं. चित्राची खालची कड लेन्सच्या उंचीला किंवा त्याच्या वर आली तर मशीन सीलिंगला उलटं टांगायला चांगलं, कारण उलटं केलं की चित्र आपोआप खाली पडतं. पण लेन्स चित्राच्या बरोबर मध्यावर येत असेल, बऱ्याच छोट्या एलईडी मशीनांचं असंच असतं, तर सीलिंगला लावून काही उपयोग नाही, मग तो खाली वाकवावा लागतो आणि वाकडं झालेलं चित्र कीस्टोनने सरळ करत बसावं लागतं. कीस्टोन फक्त आकार सरळ करतो, त्यात पिक्सेल वाया जातात, आणि लेन्स तिरकीच राहते म्हणून वरची अक्षरं स्पष्ट आणि खालची सबटायटलं पुसट असा प्रकार होतो. अशा मशीनला मागच्या भिंतीवर फळी मारणं उत्तम. १०० इंची चित्राची खालची कड जमिनीपासून ७५ सेंमीवर धरली तर मध्य येतो १३७ सेंमीवर, म्हणजे सोफ्यावर बसलेल्यांच्या डोक्यावरून प्रकाश जातो. मधेच कोण पाणी आणायला उठला तर सावली पडणार, ते चालवून घ्यायचं.

सीलिंगलाच लावणार असाल तर आधी फॅन बघा. पातं प्रकाशाच्या वाटेत आलं तर चित्र लुकलुकतं, आणि मे महिन्यात फॅन बंद ठेवून पिक्चर बघणं म्हणजे शिक्षाच. दुसरं म्हणजे चवथीला माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळांची लाकडी चौकट) कुठे बांधता ती जागा सोडा, नाहीतर नारळ-सुपाऱ्यांच्या घोसाला जागा करायला दरवर्षी प्रोजेक्टर उतरवावा लागेल आणि घरातली मोठी माणसं तुम्हाला काय ते ऐकवतील.

स्लॅब असेल तर काम सोपं, हॅमर ड्रिल, ८ एमएमचं बिट, चांगले प्लग. पावसाळ्यात जिथे ओल येते तिथे नको, आणि लाईटची पाईप स्लॅबातून कुठून गेलीय ते इलेक्ट्रिशियनला विचारूनच भोक पाडा. पीओपीच्या सीलिंगला नुसत्या बोर्डावर टांगू नका, माउंटचा रॉड वरच्या स्लॅबपर्यंत गेला पाहिजे. नळ्यांच्या (कौलारू) घरात मेस्ताकडून (सुताराकडून) वाशांना आडवी लाकडी पट्टी मारून घेता येते, पण वरून धूळ, पालींची घाण, गळती हे सगळं थेट मशीनवर पडतं, त्यापेक्षा फळी बरी.

फळी चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीवर मारताना हॅमर मोड बंद. प्लास्टरच्या मागे चिरा मऊ आणि भोकांचा असतो, हॅमरने ड्रिल मारला की भोक रुंद होतं, लाल माती भुरभुर खाली येते आणि प्लग आत नुसता गोल फिरतो. लांब प्लग घ्या, सांध्यात न मारता चिऱ्याच्या पोटात मारा, तरीही धरत नसेल तर केमिकल अँकर, म्हणजे भोकात गोंदासारखं रसायन भरून बसवायचा बोल्ट. समुद्राच्या जवळ राहत असाल तर स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच, साध्यांना खारा वारा लवकर खातो.

मशीनच्या पोटाला चार भोकं असतील तर बहुतेक एम-फोर स्क्रू लागतो, किती खोल जायचा ते मॅन्युअलात बघा, जास्त लांब स्क्रू आतल्या बोर्डाला लागू शकतो. एकच भोक असेल तर ते कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडचं, त्याला तसाच माउंट घ्या. लावला की जोर देऊन हलवून बघा, वरून एक सेफ्टी वायर पण बांधा. मग लेन्स पडद्याच्या मध्यरेषेवर आणा, सेटिंगमध्ये ‘सीलिंग’ करून चित्र सुलटं करा आणि मशीन पंधरा-वीस मिनिटं तापल्यावर फोकस लावा, मशीन थंड असताना लावलेला फोकस नंतर थोडा सरकतो.

एचडीएमआय वायर माउंटच्या आधीच केसिंगपट्टीत टाकून ठेवा, १०८०पी साठी १० मीटरपर्यंत साधी चांगली वायर चालते. आवाजाला आतला स्पीकर विसरा. ब्लूटूथ स्पीकरला आवाज ओठांच्या मागे राहतो, म्हणून हेडफोन पिनमधून वायरने जोडा.

पावसात गडगडाट सुरू झाला की पिन काढायची, सर्ज प्रोटेक्टर असला तरी. आणि जून ते सप्टेंबर मशीन आठवड्यातून निदान दोनदा तासभर चालवा, बंद पडून राहिला की लेन्सवर बुरशी येते. महिनाभर गावाला जाणार असाल तर उतरवून सिलिका जेलच्या पाकिटांसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, चालू करून थंड झाल्यावरच.