कॉलेजचं ड्राईव्ह रिकामं करायच्या आधी ओनर बघा

कॉलेजच्या गूगल खात्याची जागा कमी होणार किंवा पास झाल्यावर खातं बंद होणार अशी नोटीस आली, की सगळ्यात आधी ओनर बघा, म्हणजे फाईल कुणाच्या मालकीची आहे ते. बाकी सगळं नंतर. ड्राईव्ह कॉम्प्युटरवर उघडा, फायलींच्या यादीत ओनर नावाचा रकाना असतो, तिथं आपलं नाव आहे की दुसऱ्या कुणाचं ते प्रत्येक फोल्डरात आत शिरून बघा, आणि फोल्डर आपला म्हणजे आतली फाईलपण आपलीच असं धरून चालू नका, कारण शेअर केलेल्या फोल्डरात जो फाईल टाकतो तोच तिचा मालक असतो, फोल्डर कुणाचा का असेना. शेत एकजण कसतोय आणि उताऱ्यावर नाव दुसऱ्याचं, तशातली गत आहे ही. आमच्या ग्रुपची जात्यावरच्या ओव्यांची रेकॉर्डिंगं ह्याच कारणानं गेली. फोल्डर रोज डोळ्यासमोर, पाहिजे तेव्हा उघडून ऐकायचं, त्यामुळं माझ्या खात्यातलं सगळं नीट उतरवून घेतलं तेव्हा ती फाईल कुणाच्या नावावर आहे हे बघायचं सुचलंच नाही. ती होती वर्गातल्या मैत्रिणीच्या कॉलेजच्या खात्यावर. ती पास होऊन गेली, खातं काढून टाकलं गेलं, फायली गेल्या. खातं डिलीट झाल्यापासून 20 दिवसांच्या आत कॉलेजचा ॲडमिन ते परत आणू शकतो, पण आम्हाला कळेपर्यंत ती मुदत कधीच उलटली होती.

म्हणून ही यादी. यंदा डिझर्टेशन करणाऱ्या सगळ्यांनी वाचा, विशेषतः ज्यांनी गावोगाव फिरून काही गोळा केलंय त्यांनी.

जागा अचानक का कमी झाली म्हणून ऑफिसात जाऊन भांडू नका, त्यांच्या हातात फारसं काही नाही. आधी शिक्षणसंस्थांना गूगल अमर्याद जागा द्यायचं. फेब्रुवारी 2021 मध्ये त्यांनी जाहीर केलं की आता अख्ख्या संस्थेला मिळून 100 टीबी, आणि जुन्या संस्थांना ते जुलै 2022 पासून लागू झालं. 100 टीबी ऐकायला ढीगभर वाटतं, पण दहा हजार खाती असली तर माणशी 10 जीबी येतात, त्यात प्राध्यापकांचे लेक्चरचे व्हिडिओपण आले. मग संस्था काय करणार, पोरांची मर्यादा खाली आणणार आणि पास झालेल्यांची खाती बंद करणार.

नोटीस आली की त्याच दिवशी लागा. शेवटच्या आठवड्यावर टाकू नका, कारण टेकआऊटनं, म्हणजे खात्यातलं सगळं एकदम उतरवून घ्यायच्या गूगलच्या सोयीनं, डेटा मागवला की तो तयार व्हायलाच कधी काही तास तर कधी दोन-तीन दिवस लागतात, तयार झाल्यावर लिंक साधारण 7 दिवसच चालते आणि एक फाईल 5 वेळाच डाऊनलोड करता येते. पावसाळ्यात खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडं घरी बसून मोबाईलच्या रेंजवर हे उतरवायला जाऊ नका, निम्म्यात तुटतं आणि पाचातली एक वेळ फुकट जाते. बेळगावात कुणाच्या तरी रूमवर वायफाय असेल तिथं बसा. झिपचा साईज विचारतात तिथं 2 जीबीच ठेवा, 50 जीबीचा मोह नको: लाईट गेली तर एकच तुकडा परत उतरवावा लागतो, आणि जुना पेनड्राईव्ह फॅट32 ह्या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असला तर 4 जीबीवरची फाईल तो घेतच नाही.

टेकआऊट केलं म्हणजे झालं असं समजू नका. त्यात तुमच्या मालकीचं येतं, शेअर्ड विथ मी मधलं, म्हणजे दुसऱ्यांनी तुमच्याशी शेअर केलेलं, आपोआप येत नाही. परत सांगतो, येत नाही. झिपमध्ये 9 जीबी आले म्हणून खूश होऊ नका, जे दुसऱ्याचं आहे ते त्यात नाहीच. कॉलेजच्या खात्यातून पर्सनल खात्यात थेट कॉपी करायची सोयपण बऱ्याच ठिकाणी चालू असते, चांगली आहे, पण तिथंही आधी मालकी बघा.

मग दुसऱ्याच्या फायलींचं काय करायचं? कॉलेजच्या खात्यावरून बाहेरच्या जीमेल खात्याला मालकी देता येत नाही, त्यामुळं 'माझ्या नावावर करून दे' हा मार्ग बंद. ऑडिओ, व्हिडिओ, पीडीएफ सरळ डाऊनलोड करा. डॉक्स आणि शीट असतील तर मेक अ कॉपी करा, कॉपी तुमच्या मालकीची होते, पण जुन्या व्हर्जन येत नाहीत, म्हणून सरांनी कुठल्या तारखेला काय सुधारलं हे पाहिजे असेल तर ते आधीच बघून ठेवा. अख्खा फोल्डर कॉपी होत नाही, फायलीच कॉपी होतात, आतल्या आत दहा फोल्डर असतील तर दहा वेळा करावं लागेल, करा. मालकानं डाऊनलोड आणि कॉपी बंद ठेवली असेल तर तुमच्या हातात काही नाही, त्याला फोन करा. आणि हा फोन तो कॉलेजात असतानाच करायचा, नोकरीला लागल्यावर नाही. सर्व्हेचा गूगल फॉर्म कुणी बनवला होता तेपण आठवा. उत्तरांची शीट तुम्हाला दिसतेय, पण फॉर्म सीनियरच्या खात्यावर असेल, तर शीटची कॉपी आजच करून घ्या. गाईडनी शेअर केलेलं मटेरियल? तेही त्यांच्याच नावावर. त्यांचीसुद्धा बदली होते, रिटायरमेंट होते.

आता जागा मोकळी करायचं. ड्राईव्हमध्ये डाव्या बाजूला स्टोरेज आहे, तिथं टिचकी मारली की फायली मोठ्यापासून लहानापर्यंत लागतात. वरच्या वीस फायलींतच बहुतेक काम होतं, पीपीटी आणि नोट्स डिलीट करत बसू नका, त्यांनी काय फरक पडत नाही. जागा खातो तो व्हिडिओ, फोनवर 1080 मध्ये काढलेला एक मिनिटाचा व्हिडिओ 60 ते 130 एमबीपर्यंत जातो. आवाजाचं रेकॉर्डिंग डब्ल्यूएव्ही, म्हणजे न दाबलेलं, असेल तर मिनिटाला 10 एमबी, म्हणजे तासाला 600, तेच दाबून 128 केबीपीएसचं एमपी3 केलं तर तासाला 60 च्या आत. पण मूळ डब्ल्यूएव्ही डिलीट करू नका हां. ती हार्ड डिस्कवर ठेवा, ड्राईव्हवर ऐकण्यापुरती एमपी3 राहू दे. भाषेवर काम करणाऱ्यांना हे जास्त कळेल. आमच्याकडच्या आज्या बोलताना एका वाक्यात मराठी आणि कन्नड असं मिसळून बोलतात की शब्दाच्या शेवटी नेमका कुठला आवाज आहे ते दाबलेल्या फाईलवर कधीकधी समजतच नाही, परत परत मागं घेऊन ऐकावं लागतं. आमच्या गेलेल्या रेकॉर्डिंगमध्ये एक आजी ओवी मध्येच थांबवून सुनेला कन्नडमध्ये काहीतरी सांगते आणि पुढची ओळ तिथूनच उचलते, मागं कौलांवर पावसाचा आवाज. तिनं नंतर परत म्हणून दाखवायचा प्रयत्न केला, निम्म्या ओळी आठवल्या नाहीत. असलं काही तुमच्याकडं असेल तर ते एकाच ठिकाणी ठेवू नका, आणि दुसऱ्याच्या खात्यावर तर अजिबात नको. आत्ता उठा आणि ओनर बघा.

फाईलचं नावपण नीट द्या. ऑडिओ 001, ऑडिओ 002 ह्याला दोन वर्षांनी काही अर्थ राहत नाही. गाव, तारीख, कोण म्हणालं, एवढं नावातच पाहिजे.

उतरवलेलं उघडून बघा. नुसतं झिप आलं म्हणून पुढं जायचं नाही, एक्स्ट्रॅक्ट करा, मधलीच चार रेकॉर्डिंगं शेवटपर्यंत वाजवून बघा. दोन ठिकाणी ठेवा, एक हार्ड डिस्क आणि एक दुसरं कुठलंतरी. पर्सनल जीमेलवर टाकणार असाल तर तिथं मेल, ड्राईव्ह, फोटो सगळं मिळून 15 जीबीच असतात, ॲन्ड्रॉईडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपपण 2024 पासून त्यातच मोजतात, आणि ते भरलं तर नवीन मेल येणंच बंद होतं. इंटरव्ह्यूचा कॉल त्याच मेलवर येणार असतो, तेव्हा ते गच्च भरू नका.

हे सगळं झाल्यावरच डिलीट. डिलीट केल्यावर ट्रॅश रिकामा केल्याशिवाय जागा सुटत नाही, नाहीतर 30 दिवस ते तिथंच पडून राहतं आणि मोजलंही जातं. आकडा लगेच खाली येत नाही, एक दिवस थांबा. आणि शेअर फोल्डरात डिलीट करताना जरा जपून, तुमच्या नावावरची फाईल तुम्ही काढली तर ग्रुपमधल्या सगळ्यांचीच जाते. तुम्हीपण कुणाचे तरी ओनर आहात, तेव्हा आधी ग्रुपवर टाका की मी अमुक दिवशी काढणार आहे, ज्याला पाहिजे त्यानं घ्या.

मेलचं थोडक्यात. सर्चमध्ये इंग्लिशमधून लार्जर, कोलन, 10 एम असं जागा न सोडता टाईप केलं की 10 एमबीवरचे मेल लागतात, ते उडवा. टेकआऊटमधून सगळे मेल एमबॉक्स नावाच्या प्रकारच्या फाईलमध्ये येतात, ती थंडरबर्ड ह्या मेलच्या प्रोग्रॅममध्ये उघडते. हॉल तिकीट, फी पावती, नाडकचेरीचे (कर्नाटकातलं महसुली कार्यालय) दाखले मेलवर आले असतील तर वेगळे काढून ठेवा, नाहीतर दाखल्यावरचा आरडी नंबर परत शोधायला लागतो.

कॉलेजात गूगलऐवजी मायक्रोसॉफ्टचं खातं असेल तर पद्धत तीच. वनड्राईव्हचा रिसायकल बिन 93 दिवस राहतो, खातं डिलीट झाल्यावर फायली साधारण 30 दिवस. तिथंही शेअर्डमधलं बघा कुणाचं आहे ते.

कॉलेजचा मेल अजून कुठंकुठं दिलाय ते आठवा: यूयूसीएमएस (कर्नाटकातल्या विद्यापीठांचं पोर्टल), एनपीटीईएल (ऑनलाईन कोर्स), ऑर्किड (संशोधकांचा ओळख नंबर), स्कॉलरशिप. जिथं बदलता येतो तिथं खातं चालू आहे तोवर बदला, ओटीपी जुन्या मेलवर गेला तर मग कुणीच काही करू शकत नाही. ऑर्किडला दोन मेल चालतात, पर्सनल जोडून टाका.

शेवटी फोनमधून खातं काढायच्या आधी कॉन्टॅक्ट बघा. गावातल्या माणसांचे नंबर बऱ्याचदा कॉलेजच्याच खात्यात सेव्ह झालेले असतात, खातं काढलं की तेही जातात. एक्सपोर्ट करून दुसऱ्या खात्यात घ्या, दोन-चार नंबर लावून बघा लागतात का, मगच काढा.