चंद्रोत्सवाची तयारी : आधी मूनकेक, मग कंदील

ब्रिटनमधल्या विद्यापीठांत चिनी विद्यार्थी मंडळांचा मध्य-शरद उत्सव बहुधा वर्षातला पहिलाच मोठा कार्यक्रम असतो, कारण सण आणि नवे विद्यार्थी एकदमच येतात. चिनी पंचांगात तो आठव्या महिन्याच्या पंधराव्या रात्री. 2026 मध्ये म्हणजे 25 सप्टेंबरला, शुक्रवारी. त्याच दिवशी अनंत चतुर्दशीही आहे, तेव्हा तुमच्याकडे मराठी मंडळ असेल तर हॉलवर दोघांचाही डोळा असणार. आधीच बोलून घ्या. हॉल मिळालाच नाही तर 26 तारीख घ्यायला हरकत नाही. पंधरावीचा चंद्र सोळावीला गोल होतो असं चिनी माणसं म्हणतातच, आणि यंदा ते अक्षरशः खरं आहे.

मूनकेक (या सणाचे सारण भरलेले गोल केक) मागवायचे तर तीन आठवडे आधी. चीनहून घरच्यांनी पाठवलेल्या डब्यांत हॅमचं सारण असेल तर ते नको, ब्रिटनमध्ये मांस आणता येत नाही. बाजारच्या केकमध्ये डुकराची चरबीही असू शकते, म्हणून शाकाहारी आणि मुस्लिम मंडळींसाठी वेगळं ताट आणि पाटी लागतेच. पाटीवर गहू, अंडं, तीळ, शेंगदाणे लिहा.

घरी करणार असाल तर केक मंगळवारी भाजा, शुक्रवारी नाही. ताजं कवच कोरडं आणि कडक असतं. गार करून हवाबंद डब्यात दोन-तीन दिवस ठेवलं की तेल बाहेर येऊन ते मऊ, चकचकीत होतं. साठ जणांना 50 ग्रॅमचे 36 केक पुरतात: हा ऐवज जड, चार फोडी करून माणशी दोन. कवचाला 400 ग्रॅम मैदा, 290 ग्रॅम गोल्डन सिरप, 100 ग्रॅम तेल आणि 7 ग्रॅम क्षारपाणी (चिनी किराणा दुकानात बाटलीत मिळतं, याच्यामुळेच रंग येतो). मळून तास-दीड तास झाकून ठेवा. प्रत्येकी 20 ग्रॅम कवच आणि 30 ग्रॅम लाल चवळीचं किंवा कमळबीचं सारण. एकूण सव्वा किलो सारण धरा. सारण हाताला चिकटत असेल तर कढईत आणखी परता, नाहीतर केक फुटतो. सारण कवचात गुंडाळून साच्यात दाबा. 180 अंशांवर पाच मिनिटं भाजून बाहेर काढा, जरा निवू द्या, पिवळ्या बलकात चमचाभर पाणी घालून अगदी पुसट ब्रश फिरवा, मग आणखी दहा-बारा मिनिटं. बलक जाड लावला की साच्यातली नक्षी बुजते. कडा पोट सुटल्यासारख्या फुगल्या तर पीठ सैल होतं.

टेबलावर पपनस, शिंगाडे, उकडलेल्या अळकुड्या. चहा उलाँग किंवा पु-अर, लिटरला 10 ग्रॅम, नऊ लिटरला 90. चार-पाच मिनिटांनी पानं गाळून काढा. पानं थर्मासात राहिली की चहा कडू होतो आणि मग कोणी दुसरा कप घेत नाही.

कंदिलात मेणबत्ती नको; हॉलचा धुराचा अलार्म वाजू नये म्हणून बॅटरीचे दिवे बरे, आणि सुटे सेल जवळ हवेत. प्रत्येक कंदिलाला कोड्याची चिठ्ठी: ओळखणारा ती तोडून बक्षिसाच्या टेबलाकडे आणतो. अक्षरांच्या फोडीवरची कोडी चिनी लिपी येणाऱ्यांनाच सुटतात, म्हणून अर्धी तरी वस्तूंची ठेवा: ‘खडबडीत घर, लाल पडदा, आत गोरा गुबगुबीत माणूस’ म्हणजे भुईमुगाची शेंग.

चीन इथल्या वेळेच्या सात तास पुढे. संध्याकाळी सातला तिकडे रात्रीचे दोन वाजलेले असतात, म्हणून घरच्यांशी व्हिडिओ कॉलसाठी दुपारी एकची खोली वेगळी धरा. चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, पण पूर्वेला इमारती असतील तर आठपर्यंत दिसणार नाही; बाहेर जाण्याची वेळ त्यानंतरची छापा. ढग असतील तर कोडी आधी घ्या आणि एकाला दाराशी आभाळ बघायला बसवा. उरलेले केक तारीख लिहून फ्रीजमध्ये, आठवड्याच्या आत संपवा.