आवाज येतोय, चित्र नाही? आधी बॅटरी मारून बघा

खानापूरकडे पावसाळ्यात लाईट येते-जाते, आणि एके दिवशी टीव्हीतून नुसता आवाज येतो, पडदा काळा. लगेच नव्या टीव्हीचा हिशेब मांडू नका. खोलीत अंधार करा, टीव्ही चालूच ठेवा आणि मोबाईलची बॅटरी (टॉर्च) पडद्याजवळ धरून तिरकी मारा. पुसट का होईना, माणसं हलताना दिसली तर पॅनेल, म्हणजे चित्र उमटवणारा पडदा, बहुधा शाबूत आहे. गेलीय ती पडद्यामागून उजेड देणारी एलईडी पट्टी, म्हणजेच बॅकलाईट, नाहीतर तिला वीज देणारा भाग. आम्हाला तर बातम्या देणाऱ्या बाईंची टिकली तेवढी दिसली होती!

पट्टीतले दिवे माळेसारखे एकामागून एक जोडलेले असतात, म्हणून एक उडाला तरी अख्खी ओळ विझते. पट्टी बदलणं पॅनेलपेक्षा कितीतरी स्वस्त. मात्र मागचं झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही पॉवर बोर्डावरच्या वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्ट दबा धरून असू शकतात. बेळगावात मेकॅनिक कन्नड बोलणारा असो की मराठी, ‘बॅकलाईट’ म्हटलं की त्याला कळतं. ओएलईडी प्रकारच्या टीव्हीला ही युक्ती लागू नाही, त्यात मागे दिवेच नसतात.

टीव्ही दुरुस्त होऊन आला की सेटिंगमध्ये बॅकलाईट 100 वरून 60-70 वर आणा. दिवे कमी तापतात.