हप्ता थकलाय आणि वसुलीवाला दारात आलाय? आधी वही काढा

मी नऊ वर्षं एका पतसंस्थेत वसुलीला होतो. त्या नऊ वर्षांत मला सगळ्यात जड गेलेला कर्जदार म्हणजे फरसाणाचं दुकान चालवणारे एक काका. ते भांडायचे नाहीत की शटर ओढून घ्यायचे नाहीत. मी पायरी चढलो की गल्ल्याखालून शंभर पानी वही काढायचे, तारीख आणि वेळ टाकायचे आणि विचारायचे, "पूर्ण नाव सांगा साहेब. ओळखपत्र आणलंय ना? हां, आता बोला." मी बोलेन ते लिहून घ्यायचे आणि वही सहीसाठी माझ्यापुढे सरकवायचे. पहिल्या खेपेला मी आवाज चढवून आत शिरलो होतो. वही उघडल्यावर मी एकदम 'आपण', 'कृपया' वर आलो.

वसुलीतली सगळी दमदाटी तोंडी असते. फोनवर वाट्टेल ते बोलता येतं, कागदावर तेच लिहायला कुणी धजावत नाही. म्हणून खाली जे सांगतोय त्याचा रोख एकच आहे: बोलणं फोनवरून कागदावर आणा.

पैसे नक्की कुणाचे, ते आधी बघा

कर्ज कुणाकडून घेतलंय यावर कुठले नियम लागू आणि तक्रार कुठे, हे ठरतं. बँक आणि फायनान्स कंपनी रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येतात. पतसंस्था येत नाही, ती सहकार खात्याकडे. गावातला सावकार महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्याखाली येतो. मोबाइल ॲप असेल तर त्यामागे नोंदणी असलेली बँक किंवा फायनान्स कंपनी आहे का, ते कर्जाच्या करारात शोधा. नाव सापडत नसेल तर सावध व्हा.

करारपत्र, खातेउतारा, भरलेल्या हप्त्यांच्या पावत्या एका पिशवीत घाला. उतारा नसेल तर लेखी मागा. दंड किती आणि मुद्दल किती, हे कळल्याशिवाय कुणाशी आकड्यावर बोलू नका.

फोन आला की

रिझर्व्ह बँकेने 12 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात स्पष्ट सांगितलंय: थकबाकीच्या वसुलीसाठी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही. धमकी, शिवीगाळ, निनावी फोन, अर्वाच्य मेसेज नाहीत. चारचौघांत अपमान नाही, आणि घरच्यांच्या, मित्रांच्या किंवा कर्जाच्या अर्जात ओळखीसाठी ज्यांची नावं दिली होती त्यांच्या खाजगी आयुष्यात घुसणं नाही. बचतगटासारख्या गटातून घेतलेल्या मायक्रोफायनान्सच्या कर्जाला वेळ आणखी कमी, सकाळी 9 ते संध्याकाळी 6. तिथे वसुली ठरलेल्या मध्यवर्ती जागीच व्हायला हवी. बाई सलग दोन किंवा जास्त वेळा तिथे आली नाही, तरच माणूस घरी जाऊ शकतो. हे आमच्या भागातल्या बायकांना कुणी सांगत नाही, आणि मग रात्री नऊला ओट्यावर बसलेल्या माणसासमोर शेजारणीकडून उसने आणून पैसे दिले जातात.

फोनवर एवढंच विचारा: नाव काय, कुठल्या एजन्सीचे, अधिकारपत्राची प्रत कधी पाठवताय? वेळ आणि नंबर वहीत लिहा. रेकॉर्डिंग ठेवा. मग म्हणा, "यापुढे जे असेल ते ईमेलवर किंवा पत्राने कळवा." 'उद्या भरतो' असं सुटका करून घ्यायला म्हणू नका. आम्ही त्या 'उद्या'चीच वही ठेवायचो.

'अटक होईल' म्हणाले तर

हप्ता थकणं हा गुन्हा नाही, तो दिवाणी वाद आहे. पोलिस कुणाचे हप्ते वसूल करत नाहीत. व्हॉट्सॲपवर लाल शिक्क्याचं 'वॉरंट' आलं तर त्याचा स्क्रीनशॉट घ्या, तो तक्रारीत कामाला येईल. लोकअदालतीची नोटीस म्हणजे तडजोडीचं बोलावणं. तिचा धाक घ्यायचं कारण नाही, पण तिथे सही केलेल्या तडजोडीवर पुढे अपील नसतं, म्हणून आकडा पटला तरच सही करा.

इथे एक काटा आहे, तो लपवून चालणार नाही. चेक बाऊन्स झाला असेल तर चेकच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम 138 खाली फौजदारी खटला होऊ शकतो. नोटीस हातात पडल्यापासून 15 दिवसांत पैसे भरले तर तो टळतो. खात्यातून आपोआप जाणारा हप्ता परत गेला तरी 2007 च्या पेमेंट कायद्यात तशीच तरतूद आहे. तेव्हा पोस्टमनने आणलेली नोटीस परत पाठवण्याची हुशारी करू नका. घ्या, उघडा आणि वकिलाला दाखवा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा 15100 वर फोन करा. बायकांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

दारात आले तर

बँकेच्या एजंटाकडे ओळखपत्र, बँकेचं अधिकारपत्र आणि बँकेच्या नोटिशीची प्रत हवी. तिन्ही बघा, फोटो काढा. घरात घ्यायलाच हवं असं नाही, उंबऱ्यावर बोलणं पुरे. 'साहेब खाली गाडीत बसलेत' हे वाक्य मी स्वतः कितीदा वापरलंय. गाडीत कुणी नसायचं.

रोख पैसे देऊ नका. खात्यात भरा. अगदी द्यावेच लागले तर छापील पावती घेतल्याशिवाय नोटा सोडू नका.

गाडी कर्जावर असेल तर रस्त्यात अडवून किल्ली हिसकावण्याचा अधिकार कुणाला नाही. गाडी ताब्यात घ्यायची तर करारात तसं कलम लागतं, कराराप्रमाणे नोटीस लागते आणि विकण्याआधी पैसे भरायची शेवटची संधी द्यावी लागते. वसुलीसाठी गुंड नेमण्यावर सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्येच कोरडे ओढलेत. घर तारण असेल तर 2002 च्या सरफेसी कायद्याखाली आधी 60 दिवसांची नोटीस येते. त्या मुदतीत लेखी हरकत घ्या, तिला बँकेने 15 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ताबा घेतलाच तर कर्जवसुली न्यायाधिकरणात जायला 45 दिवस असतात. शेतजमिनीला हा कायदा लागत नाही.

अंगावर आले, धमकी दिली तर 112 लावा. धमकी भारतीय न्याय संहितेच्या कलम 351 खाली गुन्हा आहे. पोलिस ठाण्यात बहुधा अदखलपात्र म्हणून नोंद करून घेतील. हिरमुसू नका, त्या नोंदीची प्रत मागून घ्या.

आता अर्ज लिहा

बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला एक पानी अर्ज: कर्ज खाते क्रमांक, कुठल्या तारखेला किती वाजता कोण काय बोललं (वहीतून उतरवा), आणि तुम्ही महिन्याला किती भरू शकता. हा शेवटचा आकडा नक्की घाला. नुसती तक्रार करणाऱ्याला कर्जबुडवा म्हणता येतं, दोन हजार भरतो म्हणणाऱ्याला नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यानिशी पोच घ्या. तक्रार प्रलंबित असताना, ती बिनबुडाची नसेल तर, प्रकरण वसुली एजन्सीकडे पाठवू नये असं रिझर्व्ह बँकेने 2008 मध्येच बँकांना बजावलंय. म्हणून पोच आणि तिच्यावरची तारीख महत्त्वाची.

30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तक्रार ऑनलाइन, फुकट, वकिलाशिवाय करता येते. चौकशीसाठी 14448.

ॲपवाल्यांनी फोनमधल्या सगळ्यांना मेसेज टाकले असतील तर मुळात संपर्कयादी बघायचीच त्यांना मनाई आहे. कंपनीचा पत्ताच नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर कळवा, आणि फोटो विकृत करून पाठवत असतील तर सायबर गुन्ह्यांच्या 1930 या हेल्पलाइनवर.

पतसंस्था आणि सावकार

पतसंस्थेविरुद्ध लोकपाल उपयोगाचा नाही, तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे जायचं. संस्था सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुली दाखला, म्हणजे थकबाकी वसूल करायचा निबंधकाचा हुकूम, मागते, तेव्हा सुनावणीची नोटीस येते. माझ्या अनुभवात दहातले आठ कर्जदार सुनावणीला यायचेच नाहीत आणि दाखला आमच्या आकड्याप्रमाणे निघायचा. नंतर त्यावर दाद मागायची तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते. त्यापेक्षा पावत्या घेऊन सुनावणीला हजर राहा.

सावकाराला परवाना लागतो. विनापरवाना सावकारीला 5 वर्षांपर्यंत कैद आहे. सावकारीत बळकावलेली जमीन 15 वर्षांच्या आतली असेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून परत मागता येते, खरेदीखत झालं असलं तरी.

तडजोड करताना

'अर्धे भरा, मिटवून टाकू' हे फोनवर ऐकून पैसे पाठवू नका. कंपनीच्या लेटरहेडवर रक्कम, तारीख आणि 'यानंतर काही येणं नाही' एवढं आल्यावरच भरा. सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर, 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि पुढचं कर्ज अवघड जातं, हेही धरून चला.

पैसे फिटले की ना-देय दाखला, कोरे दिलेले चेक आणि तारणाची कागदपत्रं परत घ्या. बँकेला किंवा फायनान्स कंपनीला घराची मूळ कागदपत्रं 30 दिवसांत द्यावी लागतात, त्यांच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला 5000 रुपये भरपाई. गाडीच्या आरसीवरचं फायनान्सचं नाव आरटीओतून आणि सातबाऱ्यावरचा बोजा तलाठ्याकडून काढून घ्यायचं मात्र तुम्हालाच बघावं लागतं. फरसाणवाल्या काकांनी शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी माझ्याकडून दाखला घेतला, वहीत चिकटवला आणि त्याखालीही माझी सही घेतली.