संगीतकारांवरील नाट्यरूप माहितीपट कसा पाहावा

देवल क्लबच्या मैफलींत कान तयार झालेल्या कोल्हापूरकर रसिकांनी पाश्चात्त्य संगीतकारांवरील नाट्यरूप माहितीपट पाहण्याआधी मूळ रचना पूर्ण ऐकावी, कारण पडद्यावर तिचे तुकडेच वाट्याला येतात. सुरुवात दिग्दर्शक केन रसेल यांच्या, इंग्रज संगीतकार एडवर्ड एल्गार यांच्यावरील १९६२ मधील बीबीसीच्या ‘एल्गार’पासून करावी. त्यात नटांच्या तोंडी संवाद नाहीत, निवेदन आणि संगीतच कथा पुढे नेतात. हा संयम मला फार मोलाचा वाटतो.

बेथोवेनवरील माहितीपटासाठी वहीत दोन रकाने आखावेत, एक पुराव्याचा आणि दुसरा कल्पनेचा. बहिरेपणाची व्यथा सांगणारे, १८०२ मध्ये हाइलिगेनश्टाट येथे भावांना उद्देशून लिहिलेले त्याचे पत्र उपलब्ध असल्याने त्यातील वाक्ये नटाने उच्चारली, तर ती पहिल्या रकान्यात लिहावीत. बंद दाराआडचे संभाषण मात्र, ते कितीही हृदयस्पर्शी असले तरी, दुसऱ्यात जाते. (ऐन उमेदीत आवाज बसल्यावर नवी गायकी घडवणारे आपले अल्लादियाखाँसाहेब आठवले, की हे दुःख परके राहत नाही.) संगीतकार सालिएरीने समकालीन संगीतकार मोत्सार्टला विष दिल्याचा प्रसंग दिसल्यास, त्या अफवेला पुरावा नसल्याने, तोही निःसंकोच दुसऱ्याच रकान्यात टाकावा.