ऑपरेशनआधी मुलांना व्हीआर दाखवताय? हेडसेट कुठे काढायचा ते आधी ठरवा

मी लहान मुलांना भूल देते, त्यामुळे ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, दारात आईचा पदर न सोडणारी मुलं रोजच बघते. "व्हीआरमध्ये कार्टून लावून द्या, आत कधी गेलं कळणारच नाही" हा सल्ला मला खूप जणांनी दिलाय आणि तो चुकीचाच आहे. (व्हीआर म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवला की चहूबाजूंनी दिसणारा व्हिडिओ.)

आधी मूल बघा. फिट्स येत असतील, डोळ्याचं ऑपरेशन असेल, गाडी लागत असेल तर हेडसेट नको. मेटा कंपनीच्या क्वेस्ट हेडसेटला तर कंपनीनेच 10 वर्षांची अट घातलीय, वजनही अर्धा किलोच्या आसपास, लहानग्यांना तोच व्हिडिओ टॅबवर दाखवा.

व्हिडिओ तुमच्याच ओटीचा हवा. साऊथ कोरियातल्या डॉक्टरांनी 2017 च्या अभ्यासात 4 ते 10 वर्षांच्या मुलांना तिथल्या कार्टूनमधल्या पोरोरो पेंग्विनसोबत 4 मिनिटांत ओटी फिरवून आणली होती, आणि ती मुलं भूल देताना खरंच कमी घाबरली. म्हणजे त्यांनी ओटी लपवली नाही, उलट दाखवली. आम्ही चहूबाजूंचं टिपणारा 360 कॅमेरा मुलाच्या उंचीवर धरून शूट केलं, चार-पाच मिनिटं, बास. रोलर कोस्टर वगैरे अजिबात नको, मळमळतं.

हेडसेट पुसा, पण लेन्सला स्पिरिट लावू नका, कोरडं मऊ कापड घ्या.

आता खरी अवघड गोष्ट, काढणं. सुरुवातीला मी टॉन्सिलच्या एका दहा वर्षांच्या मुलीला समुद्रातले मासे दाखवत ट्रॉलीवरून थेट आत नेलं, ती हसत होती, आम्ही सगळे खूश, आणि टेबलावर घेऊन हेडसेट काढला. डोळ्यांसमोर एकदम ओटीचा मोठा दिवा, तोंड झाकलेली चार माणसं, आई नाही. तिने माझ्या गाऊनची नाडी दोन्ही मुठीत अशी धरली की एकेक बोट सोडवावं लागलं. पुढे चेकअपला आली तेव्हा हेडसेट बघूनच आईच्या मागे गेली. तिला आम्ही फसवलं होतं, मुलं हे विसरत नाहीत.

तेव्हापासून माझ्याकडे हेडसेट ओटीच्या बाहेरच निघतो, आई-बाबा शेजारी असताना, आणि मूल तो स्वतःच्या हाताने काढतं. घालायच्या आधीच सांगायचं, "संपलं की तूच काढायचास, कोणी ओढणार नाही." मग दोन मिनिटं काहीच करू नका, डोळे सरावू द्या. नंतर व्हिडिओतला तोच भूल द्यायचा मास्क हातात द्या, नाकावर धरू दे, त्यात फुंकून पुढची पिशवी फुगवू दे. आतून स्ट्रॉबेरीचा लिप बाम लावला तरी औषधाचा वास येतोच, तेव्हा "वास येणार नाही" असं म्हणू नका, "स्केचपेनसारखा वास येईल" असं सांगा. आत जाताना "तो बघ व्हिडिओतला दिवा" म्हटलं की मूल स्वतःच पुढच्या गोष्टी शोधायला लागतं.

आई-बाबांनो, "काही करणार नाहीत, नुसतं बघणार आहेत" असं प्लीज सांगू नका, चार मिनिटांचा व्हिडिओ त्या एका वाक्याने वाया जातो.

एवढं करूनही काही मुलं रडतात, त्यांना आधी शांत करणारं औषध द्यायचं की नाही ते भूलतज्ज्ञ ठरवतील, त्यात कमीपणा नाही. आणि मूल हेडसेट नको म्हणालं तर नको, तो बाजूला ठेवा आणि मास्क तेवढा खेळायला द्या.